लॉनचे गवत, वांग्याचा वाफा

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की सुरतेतले गवत कोणाचे ऐकत नाही. वेसू, पाल, अडाजणच्या मोठ्या सोसायट्यांत माळी आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवतो आणि दर वेळी गोण्या भरून हिरवेगार, ओले गवत निघते. बहुतेक ठिकाणी ते कचऱ्याच्या गाडीत जाते. याच शहरात उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून कामासाठी आलेली आणि आता इथलीच झालेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. रो-हाउसच्या मागे हातभर जागा मिळाली किंवा गच्ची मोकळी असली, की तिथे भरताची वांगी, मिरची, गिलके, वालपापडी दिसू लागते. खान्देशी माणूस शहरात आला तरी भाजीचे आळे करायचे सोडत नाही. मग मातीत घालायला शेणखत किंवा गांडूळखताची पिशवी विकत आणली जाते. शहराच्या एका टोकाला जे फेकले जाते, तेच दुसऱ्या टोकाला निराळ्या रूपात पैसे मोजून घेतले जाते. कापलेले गवत भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून कसे वापरावे, हे सांगण्याचे निमित्त एवढेच.

आधी त्या गवताची किंमत पाहू. लॉनच्या ताज्या कापणीत वजनाचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असते. शंभर किलो ओले गवत वाळले की वीस-पंचवीस किलो उरते. नीट पाणी-खत मिळालेल्या लॉनच्या या वाळल्या गवतात साधारण दोन ते चार टक्के नत्र असते. म्हणजे शंभर किलो ओल्या गवतात साधारण अर्धा ते एक किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून हे प्रमाण सुमारे एक ते दोन किलो युरियाएवढे झाले. शिवाय बऱ्यापैकी पालाश, थोडे स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. युरियाचे नत्र पाण्याबरोबर झपाट्याने खाली झिरपते, काही हवेत उडून जाते. गवतातले नत्र बंद असते. सूक्ष्मजीव गवत कुजवतील तसतसे ते सुटते, काही या हंगामात, उरलेले पुढच्या. त्यामुळे गवत घातले म्हणून आठवड्यात पाने काळीभोर होतील ही अपेक्षा ठेवू नये. पण वांग्यासारखे चार-सहा महिने चालणारे पीक असेल, तर हळूहळू मिळणारे अन्नच त्याला मानवते.

आच्छादनाच्या सगळ्या वस्तूंमध्ये लॉनचे गवत थोडे वेगळे आहे. ते का, हे समजले की त्याच्याशी कसे वागायचे तेही समजते. कुजणाऱ्या पदार्थात कर्ब आणि नत्र यांचे एकमेकांशी प्रमाण किती, यावर तो किती लवकर कुजणार हे ठरते. भाताच्या पेंढ्यात नत्राच्या एका भागाला कर्बाचे साठ-सत्तर भाग असतात, उसाच्या पाचटात त्याहूनही जास्त. कोवळ्या गवतात हे प्रमाण पंधरा-वीसास एक इतके खाली येते. म्हणून पाचट महिनोन्महिने टिकते आणि लॉनचे गवत उन्हाळ्यात पाणी मिळत असेल तर तीन-चार आठवड्यांत विरघळल्यागत दिसेनासे होते. पेंढा मातीत मिसळला, तर त्याला कुजवणारे जीव मातीतलेच नत्र उचलतात आणि काही काळ पीक पिवळे पडते. गवताच्या बाबतीत ही धास्ती नाही. उलट ते देतेच. मात्र याच गुणामुळे ताज्या गवताचा ढीग काही तासांत आतून तापतो. हात घातला तर चटका बसावा इतका तापतो, कारण पाणी, नत्र आणि कोवळा कर्ब असे सगळे एकत्र मिळाल्यावर जिवाणूंची वाढ भराभर होते. हवा संपली की कुजणे आंबण्यावर येते, अमोनियाचा आणि आंबट असा घाण वास सुटतो, खालचा थर चिकट होतो. तोच थर वरून वाळला की त्याचा जाड पापड होतो, आणि पाणी त्यातून खाली न मुरता बाजूने वाहून जाते. ताजे गवत पाटी भरभरून रोपाच्या बुडाशी ओतणाऱ्यांचा अनुभव नेमका हाच असतो. मग गवताला दोष देऊन ते बंद केले जाते. दोष जाड, ओल्या थराचा आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. सुरत आणि आसपासची बरीच जमीन भारी, काळी. इथे कापसावर शतकाहून जास्त काळ काम चालले आहे. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘हायब्रिड-४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रातूनच दिला. या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे. तिचा स्वभाव फुगण्याचा आणि आकसण्याचा. पावसाळ्यात फुगून ती हवा कोंडते, उन्हाळ्यात आकसून बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. भेग पडताना बारीक मुळ्या तुटतात आणि त्याच भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते. सुरतेत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने भाजी हाताने घातलेल्या पाण्यावर जगते. एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे एक लिटर गेले. एप्रिल-मेच्या झळांत, वाऱ्यात, ओल्या उघड्या मातीतून दिवसाला चार-पाच लिटर सहज जातात, म्हणजे संध्याकाळी घातलेले निम्मे पाणी रोपाला न मिळताच संपते.

हवेत ४० अंश तापमान असताना उघड्या कोरड्या मातीचा वरचा पदर ५० अंशांच्या पुढे जातो. तिथल्या मुळ्या तग धरत नाहीत, सूक्ष्मजीव थंडावतात. वर पाच-सात सेंटिमीटर वाळले गवत असेल तर मातीवर ऊन थेट पडत नाही, वारा तिला लागत नाही, आणि खालून वर चढणारी ओल गवताखालीच अडते. माती काही अंशांनी गार राहते, पाणी दोन दिवसांचे तीन-चार दिवस पुरते, भेगा पडत नाहीत. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही नांदतात ती अवस्था, ती टिकून राहते. ओल एकसारखी राहण्याचा आणखी एक फायदा टोमॅटोत दिसतो. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो, त्याला अनेक जण रोग समजून फवारणी करतात. बहुतेक वेळा तो फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचा परिणाम असतो, आणि ते न पोचण्याचे मोठे कारण कधी कोरडे, कधी चिखल असे पाणी देणे. आच्छादनाखाली हा चढउतार कमी होतो.

समुद्राच्या बाजूला, ओलपाड, हजिरा, डुमसकडे, आणखी एक अडचण आहे ती खाऱ्या पाण्याची. बोअरच्या पाण्यात क्षार असले तर पाणी उडते आणि क्षार मातीच्या पृष्ठभागावर मागे राहतात. पांढरी पुटे दिसू लागतात. जितके जास्त बाष्पीभवन, तितके जास्त क्षार वर. आच्छादनाने हे चढणे मंदावते. खारेपणा त्याने जात नाही. तो घालवायला पावसाचे गोडे पाणी आणि चांगला निचराच हवा. पण दोन पावसाळ्यांमधले आठ महिने निभावून नेण्याची सोय होते.

पावसाळ्यात याच थराचे काम बदलते. टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण सुटे होऊन उडतात. ते सगळ्यात खालच्या पानांवर जाऊन बसतात आणि त्यांच्याबरोबर मातीतल्या बुरशीचे बीजाणूही. टोमॅटोचा करपा खालच्या पानांपासून वर चढतो त्याचे हे एक मोठे कारण. सुटे झालेले कण मातीची छिद्रे बुजवतात, ऊन पडले की वर कडक पपडी धरते आणि मेथी-कोथिंबिरीचे कोंब त्यात अडकतात. पातळ का होईना, गवताचा थर असेल तर थेंबाचा मार गवत सोसते.

शिवाय अंधार. बारीक बियांच्या अनेक तणांना उगवायला उजेड लागतो. तो मिळाला नाही की ती निम्म्याहून कमी उगवतात, उगवली तरी हाताने सहज निघतात. लव्हाळा मात्र याला दाद देत नाही. त्याचे टोकदार कोंब गवतच काय, प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपरही फोडून वर येतात. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढण्याला पर्याय नाही, आणि गवताने लव्हाळा मरेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

या थराखाली काय घडते ते पाहायला चार्ल्स डार्विन बागेत बसत असे. गांडुळांवरचे त्याचे पुस्तक १८८१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी आले. गांडुळे रात्री वर येऊन पाने बिळात ओढून नेतात, खातात, माती उलथवतात, हे त्याने वर्षानुवर्षे मोजून दाखवले. कापलेले गवत त्यांना फार आवडते. वाफा खणून खत मिसळण्याचे जे काम आपण कुदळीने करतो, ते वर अन्न आणि ओल ठेवली तर गांडुळे करतात, तेही मुळ्यांना धक्का न लावता. मल्चिंग पेपर पाणी वाचवतो, तण दाबतो, पण गांडुळाला खायला काही देत नाही, आणि दोन हंगामांनी त्याचे तुकडे मातीत उरतात. घरच्या वाफ्याला तो कशासाठी आणायचा, मला कळत नाही.

गवत मातीवर अंथरणे ही कल्पना या पट्ट्यात नवी नाही. सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसले की वलसाड, वापी मागे टाकून उंबरगाव येते, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. त्या तालुक्यातल्या देहरी गावी भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ ही चौदा एकरांची वाडी आहे. १९२२ साली जन्मलेले सावे आधी शाळामास्तर होते, रासायनिक खतांवर त्यांनी शेती केली, आणि मग गांधी-विनोबांच्या विचारांच्या ओढीने ती वाट सोडून नैसर्गिक शेतीकडे वळले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. नारळ-चिकूच्या त्या वाडीत झाडाखालचा पालापाचोळा उचलला जात नाही. तणाबद्दल त्यांचे म्हणणे साधे होते: त्याच्याशी वैर धरू नये, फुलावर येण्याआधी ते कापावे आणि तिथेच मातीवर अंथरावे. लॉनच्या गवताबाबत आपल्याला करायचे आहे ते याहून फारसे वेगळे नाही.

विदर्भातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी आच्छादन हा आपल्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीचा एक खांबच केला. माती हलकी मोकळी करून केलेले मृदाच्छादन, वाळल्या काडीकचऱ्याचे काष्ठाच्छादन आणि आंतरपिकाचे सजीव आच्छादन असे तीन प्रकार ते सांगतात. त्यांच्या सगळ्या दाव्यांशी कृषी शास्त्रज्ञ सहमत नाहीत, पण माती उघडी ठेवू नये याबद्दल वाद घालणारा शास्त्रज्ञ सापडणे कठीण. सुरत जिल्ह्याने तर प्रत्येक ग्रामपंचायतीत निदान ७५ शेतकरी नैसर्गिक शेतीकडे वळवण्याची मोहीम घेतली आणि त्यावर १० जुलै २०२२ रोजी सुरतेत मोठे संमेलनही झाले. गावांत हे चालले असताना शहरातल्या शेकडो लॉनचे गवत कचऱ्यात जावे, याचे वाईट वाटते.

शहरातल्या बागेसाठी मात्र आदर्श मुंबईचा घ्यावा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि गृहिणींनाही एकच गोष्ट शिकवली, की माती ही जैवभारातून घरी तयार करता येते. त्याच वाटेने मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या-फळे पिकवून दाखवली. पुढे प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. बाहेरून खत आणायचे नाही, भोवती जे फुकट पडते तेच वापरायचे, ही या सगळ्यांची रीत. सुरतेत रसाच्या गाड्यांची चिपाडे आहेत, बारडोलीकडे उसाचे पाचट आहे, आणि लॉनचे गवत आहे. पाचट-चिपाडात कर्ब जास्त, गवतात नत्र जास्त. दोन्ही मिसळले की थर सैलही राहतो आणि टिकतोही.

परदेशातली पुस्तके वाचून जसेच्या तसे करू गेले की इथे फसायला होते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात रूथ स्टाउट या बाईंनी १९४४ पासून नांगरट बंद करून बागेवर आठ-आठ इंच वाळल्या गवताचा थर ठेवला, आणि त्यावर १९५५ मध्ये लिहिलेले त्यांचे पुस्तक फार गाजले. तिथला हिवाळा बर्फाचा, उन्हाळा सौम्य. सुरतेच्या जुलैत, काळ्या मातीवर आठ इंच गवत ठेवले तर मुळ्या गुदमरतील आणि गोगलगायींची वसाहत होईल. जपानच्या मासानोबू फुकुओका यांचे एक सांगणे मात्र इथेही लागू पडते. भाताचा पेंढा ते न कापता, वेडावाकडा फेकायला सांगत, कारण नीट एका दिशेने रचलेला पेंढा दाबून बसतो आणि कोंब वर येऊ देत नाही.

म्हणून सुरतेसाठी पहिला नियम: गवत वाळवून वापरा. कापणी आणली की गच्चीवर किंवा फरशीवर बोटभर जाडीने पसरायची, दिवसातून एक-दोनदा उलथायची. चांगल्या उन्हात दोन दिवसांत ती करकरीत होते. वाळवण्याचे दुसरे कारण हरळी. इथल्या लॉनमध्ये हरळी हमखास असते, मुद्दाम लावलेली किंवा आपणहून घुसलेली, आणि तिच्या प्रत्येक पेराला मूळ धरायची ताकद असते. ओली हरळी वाफ्यावर पसरणे म्हणजे वाफ्यात हरळी लावणेच. मशीनने वरवर कापलेल्या गवतात पाती जास्त, पेरे कमी असतात. विळ्याने किंवा खुरप्याने काढलेल्यात पेरे आणि मुळे दोन्ही येतात. तसले गवत आठवडाभर कडक उन्हात ठेवून पूर्ण मेल्याची खात्री केल्याशिवाय आत आणू नये. तुरे धरलेले गवतही नको, त्याचे बी पडते.

दुसरी खबरदारी औषधाची. लॉनमधले रुंद पानांचे तण मारायला २,४-डी हे तणनाशक सर्रास मारले जाते. ते गवताला फारसे काही करत नाही, पण टोमॅटो, वांगी, मिरची, वालवर्गीय पिके त्याला अतिशय नाजूक. पाने वळतात, पंखा मिटल्यासारखी आकसतात, शेंडा पिळवटतो. फवारणीनंतरच्या पहिल्या तीन-चार कापण्या घेऊ नयेत. इंग्लंडमध्ये २००८ साली अमिनोपायरॅलिड नावाच्या याहून चिवट तणनाशकाने अशी गडबड केली की ते फवारलेल्या कुरणाचा चारा गाईगुरांनी खाऊन, शेणखतात उतरून, ते बागांतल्या टोमॅटो-बटाट्यांपर्यंत पोचले. माळ्याला सरळ विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर एका कुंडीत मातीत त्या गवताचा चुरा मिसळून मूग किंवा चवळी पेरावी, शेजारी साध्या मातीची कुंडी ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पाने वाकडी दिसली तर ते गवत घेऊ नये.

तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दोरीवाल्या गवतकापणी यंत्राची नायलॉनची दोरी घासत घासत तुटते आणि तिचे तुकडे गवतातच पडतात. पात्याच्या मशीनचे गवत मिळत असेल तर तेच घ्यावे. रस्त्याकडेच्या गवतात गुटख्याच्या पुड्या, माव्याच्या पिशव्यांचे तुकडेही असतात, ते वाळवताना वेचून काढावे. जिथे कुत्री फिरवली जातात त्या लॉनचे गवत कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर-मुळ्याला, घालू नये.

अंथरण्याची रीत सोपी आहे. वाफा आधी खुरपून तण काढायचे, पोटभर पाणी द्यायचे आणि मग थर टाकायचा. कोरड्या मातीवर टाकला तर कोरडेपणाच झाकला जातो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओल खोडाला लागून बूड कुजते. थर पाच सेंटिमीटरचा, सैल. चौरस मीटरभर जागेला असे पन्नास लिटर गवत लागते, म्हणजे पन्नास किलो धान्याची एक पिशवी थोडी उणी. आठवडाभरात ते निम्मे दबते, मग वरून पुन्हा. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे लावून आठवडा झाला की लगेच घालता येते. मेथी, पालक, गाजर यांसारख्या थेट पेरायच्या बियांवर घालू नये. रोपे चार-सहा बोटे वर आल्यावर ओळींच्या मध्ये घालावे. ताजे गवतच वापरायचे असेल तर एका वेळी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि ते वाळल्याशिवाय दुसरा थर नको.

अडचण अशी, की गवत मिळते पावसाळ्यात आणि त्याची गरज लागते उन्हाळ्यात. मार्च ते मेमध्ये लॉनची वाढ मंदावते, कापणी कमी होते, आणि तेव्हाच वाफ्याला सगळ्यात जाड थर हवा असतो. यावर उपाय ऑक्टोबर. पाऊस ओसरल्यावरच्या, दसऱ्याच्या आगेमागे होणाऱ्या कापण्या भरघोस असतात आणि ऑक्टोबर हीटचे ऊन वाळवायला उत्तम. त्या वाळवून गोणपाटात भरून, पावसापासून आणि जमिनीच्या ओलीपासून उंच, आडोशाला ठेवल्या की मेपर्यंत पुरतात. थोडाही ओलसरपणा राहिला तर आत बुरशी धरते, मूठ दाबून कडकडते का ते पाहूनच भरावे. वालपापडी, टोमॅटो, वांगी या हिवाळी पिकांना नोव्हेंबरपासून पाच सेंटिमीटर, आणि होळीनंतर सात-आठ. जूनच्या पहिल्या पावसाआधी उरलासुरला थर बाजूला ओढून दोन वाफ्यांमधल्या वाटेवर टाकावा. चिखल कमी होतो आणि वाफ्याला हवा मिळते. जुलै-ऑगस्टचे गवत वाळवायला उसंत मिळत नाही. ते सुक्या पानांबरोबर, पाचटाबरोबर थर देऊन कंपोस्टात घालावे, वाफ्यावर फार तर मूठमूठ विखरावे.

पावसाळ्यातली खरी डोकेदुखी गोगलगाय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची उगवती शेते फस्त केली, ते अजून अनेकांना आठवत असेल. ओले, जाड आच्छादन म्हणजे त्यांना दिवसा लपायला आयती जागा. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. प्रादुर्भाव वाढला तर महिनाभर आच्छादन काढून ठेवणेच बरे. उन्हाळ्यात वाळवी दिसली तर थर ओला ठेवावा. ती वाळलेल्या पदार्थावर येते, जिवंत, पाणी प्यायलेल्या रोपाला सहसा धरत नाही.

कुंड्या आणि रोपे लावायच्या पिशव्यांत हीच पद्धत, फक्त थर दोन-तीन सेंटिमीटरचा. गच्चीवर ऊन चहूबाजूंनी लागते आणि कुंडीतली माती थोडी, म्हणून तिथे आच्छादनाचा फरक जमिनीतल्यापेक्षाही लवकर कळतो. पाणी झारीने थरावर ओतण्यापेक्षा एका बाजूने थर उचलून खाली द्यावे.

गवत मिळवायचे कसे, हा प्रश्न उरतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेचा कचरा वेगळा साठवून आपल्या आवारातच ठेवायचा आणि पालिकेच्या सूचनेप्रमाणे मार्गी लावायचा, असे सांगितले होते. तो जाळायला मनाई आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार रुपयांपासून दंडही ठरवला. त्यामुळे सोसायटीच्या कमिटीलाही हे गवत कोणी घेऊन गेले तर हवेच असते. कापणीच्या दिवशी रिकाम्या गोण्या घेऊन माळीकाकांना भेटावे, पुढची कापणी कधी ते विचारून ठेवावे, चहापाण्याचे पैसे द्यावे. कोणी ते गवत गाईला घालायला नेत असेल, तर त्याला एवढे सांगावे की ढिगात तापलेले, आंबलेले गवत गुरांना बाधते. ताजे असेल तेवढेच चारावे, उरलेले आपण न्यावे. ज्या सोसायटीत जागा आहे तिथे लॉनच्या कडेलाच चार वाफे करून माळ्याकडूनच ते गवत तिथे अंथरून घेणे सगळ्यात सोपे. गोणी उचलायचा त्रास नाही, आणि वांगी सोसायटीतच वाटता येतात.